भिवाला विसर पडत नाही

भिवा ओसरीच्या पत्र्यावर चोचीने तीनदा ठोकायचा, आणि आप्पांनी ‘ये’ म्हटल्याशिवाय खाली उतरायचा नाही. आमच्या जामखेडच्या बाजूचे डोमकावळे बोलतात, हे पुण्याच्या पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागतं. ते बोलतात, आणि विसरत नाहीत. त्यातही भिवा म्हणजे वकील.

आप्पा, म्हणजे माझे वडील, सकाळी भाकरीचा पहिला तुकडा त्याच्यापुढे ठेवायचे. मग दोघे ढगांवरून वाद घालायचे. मी मध्ये तोंड घातलं, की भिवा मान तिरकी करून म्हणायचा, “इचार करून बोल. मला इसर पडत न्हाई.” पाचवीत मी चोरलेल्या बोरांची हकिगत त्याने माझ्या लग्नात मुलीकडच्यांना ऐकवली होती.

गेल्या वर्षी आप्पा गेले. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. भिवा समोरच्या बाभळीवर येऊन बसला, तसे आम्ही निर्धास्त झालो. इतका जवळचा कावळा कोणाच्या नशिबी असतो? पण तो हलेना. ऊन चढलं. आप्पांची कसली इच्छा राहिली, या विचाराने आईचा चेहरा उतरला. थोरला म्हणून मी पुढे झालो, हात जोडले आणि शब्द देत सुटलो. आईला अंतर देणार नाही. धाकट्याशी बांधावरून भांडणार नाही. तंबाखू सोडतो. रोज सकाळी फिरायला जातो. शेवटी बायकोला स्वयंपाकात मदत करीन इथवर आलो. मागे कोणीतरी खोकलं, बहुधा तीच.

“भिवा, आता काय राहिलं रे आप्पांचं?” मी रडकुंडीला आलो होतो.

“त्याचं काय न्हाई राह्यलं,” तो म्हणाला. “मला सुतक हाय. घरचा मानूस पिंड खातो व्हय?”

आई डोळे पुसता पुसता हसली. तिने त्याला खाली बोलावून आपल्याजवळ बसवलं. बाभळ रिकामी झाली, तसा त्याच्या धाकाने लांब थांबलेला एक साधा, मुका गावकावळा आला आणि पिंडाला शिवून गेला.

तेराव्याच्या पंगतीत भिवाचं पान आम्हा दोघा भावांच्या मध्ये मांडलं.

पत्र्यावर अजून तीनदा ठोकलं जातं. ‘ये’ आता मी म्हणतो. तो भाकरीचा तुकडा घेतो, माझ्या खिशाकडे एक नजर टाकतो आणि विचारतो, “फिराय गेल्तास का?”

मी निघालोच होतो, असं म्हणत चपला शोधायला लागतो. भिवा पुढच्या विजेच्या खांबावर जाऊन बसतो आणि मी पोचेपर्यंत थांबतो.