माझं सुवाच्य अक्षर आणि मानपाड्याचा अर्ज

ठाण्यात भाऊंची पहिली पुण्यतिथी थाटात करायची ठरली होती. तसबीर, हार आणि तीन वक्ते. भाऊ म्हणजे ज्यांनी मद्रासपासून लाहोरपर्यंत लोकांना काठी खाली ठेवून अर्ज हातात घ्यायला शिकवलं, ते. तिसरा वक्ता मी होतो, आणि मी भाषण सोडून डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला निघालो. कारण सांगायला लाज वाटते, पण प्रवासवर्णनात खोटं काय बोलायचं!

मानपाड्याच्या शेतकऱ्यांना रानातल्या डहाळ्या तोडायला बंदी झाली होती. डहाळ्या वाळवून शेतात जाळायच्या आणि त्या राखेत भाताचं बी टाकायचं, याला तिकडे राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षभर खायचं काय? त्यांचा अर्ज मी लिहून दिला होता. खाली साठ नावं हवी होती. लोकांना लिहिता येत नाही, उगाच तसदी कशाला, म्हणून साठही नावं मीच झोकात लिहून टाकली. जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबाने अर्ज परत पाठवला: माणसं साठ आणि हात एकच? भाऊ ज्याचं दुःख त्याचीच निशाणी घ्यायचे, त्यासाठी गावोगाव पायपीट करायचे. त्यांच्या या शिष्याने बसल्या जागी उरकलं होतं! कल्याणला साहेबाचा तळ आता दोनच दिवस राहणार होता.

माझ्यामागून जाणाऱ्यांसाठी सांगतो. आगगाडी सोयीची खरी, पण ती डोंबिवलीला थांबत नाही. खाडीकाठच्या बाळकुमहून भरतीबरोबर सुटणारी होडी धरा. माणशी दोन आणे पडतात. भरती चुकली तर मात्र चिखल बघत बसावं लागतं. नावाडी धर्मा मिठागरात राबलेला माणूस होता. मी कशाला निघालोय ते ऐकल्यावर त्याने पैसे घेतलेच नाहीत.

"आमचं मीठ अडलेलं तवा भाऊ सोता आलेलं. चिखलान बसून एकेकाची निशानी घेतली त्यांनी. तुमी पन तसंच करा."

मी मान खाली घातली. डोंबिवलीच्या बंदरावरून पुढे दीड कोस धुळीची गाडीवाट आहे. पाणी बरोबर घ्या.

मानपाड्याला गोमा पाटलांच्या ओटीवर मी सगळ्यांसमोर माफी मागितली. कोणी तरी दोन शब्द सुनावेल म्हणून तयारीत होतो. पाटील हसले.

"मास्तर, साठ नावां लिवून तुमचा हात दमला असंल. आता आमचा दमू द्या."

तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण पुढे आलं. घरून आणलेली गूळपोळी तशीच राहिली. इतक्या मायेने मला माझ्या सख्ख्या भावांनीही कधी क्षमा केली नव्हती.

मग एकेक जण टाक घेऊन बसू लागला. शेतकऱ्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी, अशी रीत. कोणाचा नांगर ऐटबाज, तर कोणी त्याची मूठ, रुमणंच विसरला. शेवटी चंद्रीबाई आली. नवरा गेल्यापासून ती एकटीने शेत करत होती.

"बांगडी काढा," मी म्हटलं.

"माज्या हातान बांगडी ऱ्हायली कुठं?" ती म्हणाली, आणि तिने कागदावर कोयता काढला. चांगला ठसठशीत, पात्यासकट.

शांततेच्या अर्जावर हत्यार! साहेबाने ती धमकी समजली, तर अर्ज दुसऱ्यांदा माझ्यामुळेच बुडणार. खोडावं का? पण परत तिच्या जागी माझाच हात चालवू? मी शेजारी निमूटपणे लिहिलं, 'निशाणी कोयता'.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळं गाव कल्याणला चाललं. शेणाळे तळ्याच्या काठी तंबू होता. कोणाच्याही हातात साधी काठी नव्हती. झाडाखाली सगळे गप्प बसून राहिले, ते पार दुपारपर्यंत. अखेर साहेबाने अर्ज वाचला आणि त्याचं बोट कोयत्यावर थांबलं.

"ही धमकी आहे काय?" कारकुनाने त्याच्या वतीने विचारलं.

चंद्रीबाई उठली.

"यानंच राब तोडतंय मी. बंदी झाली तवापासून आढ्याला टांगलाय. गंजला. तुमाला दिसावा म्हनून काढला."

कारकुनाने इंग्रजीत सांगितलं. साहेबाने अर्ज घडी घालून स्वतःच्या पेटीत ठेवला.

मी कल्याणहून आगगाडीने घरी आलो. पुण्यतिथीची भाषणं झकास झाल्याचं कळलं. माझ्या नावावर एकही भाषण नाही, पण जे शिकायला मिळालं त्याबद्दल मानपाड्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तीन आठवड्यांनी धर्मा मुद्दाम सांगायला आला: यंदापुरती राबाला परवानगी मिळाली. आणि चैत्रात एका सकाळी पारसिकच्या डोंगरामागून, मानपाड्याच्या दिशेने, धुराचे लोट उठले. वारा आमच्याच बाजूचा होता. सगळी आळी खोकत दारं-खिडक्या लावू लागली.

मी उठलो आणि आमची खिडकी सताड उघडली.