छताची काच शाबूत राहिली

ती घटना आठवली नाही असा एकही उन्हाळा माझा गेलेला नाही. मी वयानं निवृत्त झालेली नाही. जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला एका ठाण्यात फौजदार होते, तिथूनच राजीनामा दिला. कारण हेच प्रकरण, म्हणून सरळ सांगते.

मे महिना. दुपारभर अंगाची लाही, आणि चार वाजता लिंबाएवढ्या गारा. घरांचे पत्रे फुटले, ठाण्याच्या जीपची काचही गेली. आम्ही त्या धावपळीत असताना रुग्णालयातून फोन आला: घरगाडीत नवरा-बायको मयत. घरगाडी म्हणजे टेम्पोवर पलंग, शेगडी, एसी बसवलेलं फिरतं घर. जालन्याचा एक मालक ती चालकासह भाड्यानं द्यायचा. नुकतेच निवृत्त झालेले एक गुरुजी आणि त्यांची पत्नी तिच्यातून चिखलदऱ्याला निघाले होते. मुलीनं हट्टानं पाठवलं होतं. दोघांनी उभ्या जन्मात थंड हवेचं ठिकाण पाहिलं नव्हतं. जिल्हासुद्धा ओलांडला नाही त्यांनी. भोकरदनच्या पुढं, अजिंठ्याच्या डोंगरातल्या पहिल्याच घाटात संपले.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. डॉक्टर म्हणाले, विषारी धुरानं गुदमरले. धूर जनरेटरचा, एसी त्यावरच चालायचा. पण जनरेटर गाडीच्या खाली, उघड्यावर. मग धूर आत गेला कसा?

चालक पन्नाशीचा, आयुष्यभर मोंढ्यातलं धान्य ट्रकनं वाहिलेला. म्हणाला, "गारा लागल्या तवा मी टपरीत बसेल होतो, मॅडम. गुरुजी अन् बाई जेवून झोपेल होते. गारा थांबल्यावर आवाज दिला, तर उठंनात."

मला एकच गोष्ट खटकत होती. गाडीच्या छताला भलीमोठी काच होती, आणि तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाखालच्या टपरीवाल्या मावशीचा फोन आला. "बाई, माझं नाव घेऊ नका. ती गाडी त्यानं ताडपत्रीनं झाकेल होती. सोयाबीनचा ट्रक बांधतेत ना, बराबर तशी. पार चाकापोतर."

चालकाला पुन्हा बोलावलं. आवाज चढवला नाही, चहा मागवला. दमलेला माणूस गरम चहा प्यायला की खोटं धरून ठेवायची ताकद राहत नाही, एवढं नोकरीत कळलं होतं.

"मामा, काच कशी वाचली?"

त्यानं चहाचा घोट घेतला.

"ताडपत्री कुठंय?"

कप खाली ठेवून तो रडायलाच लागला. "मालकाचा फोन आल्ता. म्हणला, गारा येऊन राह्यल्या, काच फुटली न्हाई पाहिजे, जल्दी झाक. मंग झाकली. तीस वर्सं मालच झाकला, मॅडम. दोरी खालपोतर ओढायची सवय. खालचा धूर कोंडंल, हे डोक्यातच आलं न्हाई."

"त्यांना उठवायचं तरी."

"दमले होते. म्हणलं, कशाला झोपमोड."

पुलाखाली लपवलेली ताडपत्री त्यानं पंचांसमक्ष काढून दिली. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मीही खूश होते, लपवत नाही.

आता आपला कायदा काय करतो ते ऐका. आरोपीची पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. तिच्यातून सापडलेली वस्तू चालते. म्हणजे ताडपत्री पुराव्यात आली, मालकाचा हुकूम आला नाही. फोन झाल्याची नोंद मिळाली. बोलणं कुठून आणणार? मालकाचा मोबाईल दोन दिवसांनी मागितला, तोवर तो "हरवला" होता. "मी तर खुशाली विचारली, मॅडम," म्हणाला, वकिलाला शेजारी बसवून. धूर छतावर सोडणारा पाइप फोटोत वाईट दिसतो म्हणून मालकानं कापायला लावला, असं चालक सांगत होता. गॅरेजवाल्याला काही आठवत नव्हतं. कागद नव्हता. दोषारोपपत्रात नाव एकच राहिलं. ते माझ्या हातानं लिहिलं.

गुरुजींची मुलगी जबाबाला आली तेव्हा चालक बाहेर बाकावर बसला होता. मला वाटलं, अंगावर धावून जाईल. ती त्याच्यापुढं उभी राहिली. "मामा, आईनं तुमच्यासाठी वेगळा डबा बांधला होता. खाल्ला का?"

"खाल्ला, बाई," तो म्हणाला. मान वर केली नाही.

मग ती माझ्याकडं वळली. "मॅडम, ज्याला काचेची काळजी होती, तो कुठंय?"

चालकाला शिक्षा झाली. मालकाला कोर्टाची साधी नोटीसही गेली नाही.

या प्रकरणानं शिकवलं ते एवढंच: जो हाताशी सापडतो त्यालाच आपण पकडतो, आणि त्याला तपास म्हणतो. मी आधी मालकाचा मोबाईल ताब्यात घ्यायला हवा होता. ताडपत्रीमागं धावले, कारण ती मिळणं सोपं होतं. ही चूक माझी. तिच्यासकट त्या खुर्चीत बसवेना.

आता दर मे महिन्यात घाटाखाली उभी राहून पत्रकं वाटते: चालू जनरेटरवर गाडी झाकू नका, आधी आतल्या माणसांना उठवा. यंदा तीच घरगाडी आली, कोर्टातून सुटलेली. चालक नवा. पत्रक त्यानं सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.

"बराबर हाय, ताई," तो म्हणाला. "पन मालकाचा फोन आला तर?"

डोंगरावर आभाळ भरून आलं होतं. त्याच्या टपावर नवी ताडपत्री होती, घडी घालून, दोरीसकट.