दार लाव, फट ठेव

"दार लाव वं आधी!"

कोणीही उंबऱ्यात पाय टाकला की मावशींचं पहिलं वाक्य हे. या, बसा, पाणी घेता का, हे सगळं नंतर. आणि आपण घाईघाईनं दार लावलं की लगेच दुसरं वाक्य यायचं, "अवं, फट ठेव ना! पूर्ण लावते का कोणी?"

नवीन माणूस गोंधळायचा. दार लावायचं की उघडं ठेवायचं? दोन्ही. दार लोटायचं, पण दोन फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवायची. दार सताड उघडं राहिलं तर थंड हवा पळते, आणि पक्कं लावलं तर आत दमट होऊन अंग चिकचिकतं. तुम्ही नागपूरचे असाल तर हे तुम्हाला मी सांगायला नको. पण मी बोलते आहे ती सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा महाल भागातल्या आमच्या गल्लीत कूलर एकच होता, आणि तो मावशींचा होता.

मावशींचा मुलगा हिंगण्याच्या कारखान्यात कामाला लागला आणि त्यानं आईसाठी तो बनवून घेतला. लोखंडी पत्र्याचा मोठा खोका, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पंखा. पंप वगैरे काही नव्हता. वर भोकं पाडलेली पत्र्याची पन्हळ होती, तिच्यात हातानं पाणी ओतायचं. चालू केला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं. तो पहिल्यांदा घरघरला तशा मावशी धावत ओट्यावर आल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "आणा वं लेकरं! ज्याच्या घरी तान्हं हाय त्यानं आणा!"

मी त्यांना एकदा विचारलं होतं, हा व्याप कशाला? तर म्हणाल्या, "एकटीनं थंडी हवा खाल्ली तं मले पचत नाई वं बाई."

मावशी मूळच्या कुहीकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. उंच, रुंद हाडाच्या. आवाज धानाच्या बांधावरून हाका मारून तयार झालेला. कुजबुज हा प्रकार त्यांना येतच नव्हता. आणि गंमत म्हणजे त्या आवाजात बाळं गाढ झोपायची. कूलरची घरघर आणि मावशींचं बोलणं, दोन्ही चालू असलं की खोलीत शांतता. त्यातलं एक बंद पडलं की रांगेतलं पहिलं बाळ चुळबुळायचं, आणि मग सगळी.

एकदा भर दुपारी लाइट गेली. कूलर थांबला. पहिल्या बाळानं ओठ काढले मात्र, मावशींनी गाल फुगवून "घर्रर्रर्र" असा आवाज सुरू केला, आणि ओल्या पदरानं वारा घालत खोलीभर फिरू लागल्या. मी दारात उभी, हसू आवरेना. त्यांनी मला हातानंच खूण केली, बघतेस काय, तूही कर. मग मीसुद्धा घर्रर्र केलं. पदवीधर बाई, सरकारी कारकून, तीन मुलांची आई. लाइट येईपर्यंत आम्ही दोघींनी कूलर चालवला आणि एकही बाळ उठलं नाही.

खोलीत पैशाचं नाव नव्हतं. नियम एवढाच की एका बाळामागं एक बादली पाणी, आणि ते बाळाच्या मोठ्या भावंडांनी आणायचं. त्यामुळे मे महिन्यात गल्लीतली सगळी पोरं बादल्या, लोटे, डबे घेऊन कोपऱ्यावरच्या नळाकडे धावत असायची. माझा सात वर्षांचा मुलगा बादली आणायचा आणि चार वर्षांची मुलगी त्याच्यामागून गडू. गडू निम्मा फ्रॉकवर सांडायचा. मावशी तो गडूसुद्धा मोठ्या मानानं पन्हळीत ओतायच्या. "हे पाणी लय थंडं हाय वं! याच्यानंच तुह्या भावाले झोप लागून राहिली!" मुलगी फुगून दुप्पट व्हायची आणि पुन्हा नळाकडे पळायची.

आमचं धाकटं तेव्हा पाच-सहा महिन्यांचं. पत्र्याच्या छपराखाली आमच्या दोन खोल्या. घामोळ्यांनी त्याची मान लाल झाली होती आणि दिवसभर ते रडायचं. मावशींच्या खोलीत नेल्यापासून झोपायला लागलं. बाळंतपणाला जोडून घेतलेली माझी रजाही संपत आली होती. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. रजा वाढवून मिळणार नाही, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. घरी सांभाळायला कोणी नाही. म्हणजे मावशींची खोली आहे तर माझी नोकरी आहे, इतकी सरळ गोष्ट होती.

म्हणून त्या गुरुवारी मी रंगीत तालीम घेतली. आमचे हे त्या आठवड्यात लवकर घरी येत होते. पुढे बाळाला आणायचं काम त्यांच्याकडेच राहणार होतं. मी म्हटलं, "भिंतीकडचा आपला. उचला, तोंडावर दुपटं घ्या, सावलीसावलीनं या."

आता त्या खोलीतला देखावा डोळ्यांसमोर आणा. खिडकीला जाड पडदा, आत मिणमिणता उजेड. सगळ्या बाळांची जावळं काढलेली, कारण मावशींचं म्हणणं, "डोक्शाले हवा लागू द्या!" सगळ्यांना पावडर. सगळ्यांच्या गालाला काजळाची तीट. आणि सगळ्यांच्या अंगात पांढरी झबली, मावशींनी एकाच जुन्या धोतराची शिवलेली. अशी ती टकली रांग डोळे मिटून पडलेली. त्या दिवशी कूलर पाण्याचे शिंतोडे उडवत होता, म्हणून मावशींनी अख्खी रांग मागं ओढली होती, आणि त्या हलवाहलवीत आमचं बाळ मधे आणि दुसरंच भिंतीकडे आलं होतं. आणि ह्यांनी खोलीत पाऊल टाकलं तेव्हा त्या मागच्या अंगणात पोरांची बादलीवरून लागलेली भांडणं सोडवत होत्या.

हे घरी आले. चेहरा असा, की जणू परीक्षेत पहिले आले. "बघ, हूं की चूं केलं नाही त्यानं."

मुलीनं दुपट्यात नाक खुपसलं. "आई, हे आपलं बाळ नाहीये."

"काहीतरी बोलू नकोस."

"याचा वास वेगळा आहे."

मी लक्ष दिलं नाही. लंगोट ओला होता, बदलायला सोडला. आणि सोडल्यावर बघतच राहिले.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही मुलगी आणलीत."

हे वाकले. फाइलीत भलताच कागद लागावा तसं त्यांनी नीट निरखून पाहिलं. मग म्हणाले, "पण भिंतीकडचंच उचललं मी."

मी त्या मुलीला दुपट्यात गुंडाळलं आणि चप्पल न घालता धावले. फरशी अशी तापलेली की पाय ठेववेना. माझ्यामागे माझी मुलगी, गडू हातात, ओरडत सुटली, "आमचं बाळ बदललं! आमचं बाळ बदललं!" दारं उघडली. खिडक्या उघडल्या. अर्धी दाढी केलेले एक गृहस्थ साबणासकट बाहेर आले.

समोरून, मावशींच्या ओट्यावरून, आमचं बाळ हातात घेऊन समोरच्या आजी उतरत होत्या.

या आजींबद्दल सांगायला हवं. घराणं भोसल्यांच्या काळात इकडे येऊन राहिलेलं. घरात कोणाचा आवाज चढत नसे. मावशींच्या खोलीला त्या 'कोंडवाडा' म्हणायच्या. पण नात घरी झोपत नव्हती, म्हणून सून तिला तिथे ठेवायची आणि आजी नाक मुरडून गप्प बसायच्या. त्या दिवशी त्या स्वतः नातीला घ्यायला गेल्या होत्या, आणि नातीच्या जागी त्यांच्या हाती आमचा मुलगा आला होता.

"माझी चिमणी कुठंय?" आजी ओरडत होत्या. आजी! ओरडत!

साबणवाले गृहस्थ म्हणाले, "आजी, आयता नातू मिळाला, ठेवून घ्या!"

"नातू ज्याचा त्याला लखलाभ! माझी चिमणी आणा आधी!"

भर उन्हात, गल्लीच्या मधोमध आम्ही अदलाबदल केली. आजींनी नातीचा पंजा उघडून पाहिला, पाय पाहिले, कानामागे पाहिलं. मग छातीशी धरून त्या मावशींकडे वळल्या. मावशी अंगणातून ओल्या हातांनीच आल्या होत्या.

"लेकरं म्हणजे काय बाजारातली वांगी आहेत? कोणीही यावं आणि उचलून न्यावं?"

"चूक माझी आहे," हे मागून म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

मावशी काहीच बोलल्या नाहीत. आणि त्या गप्प झाल्या तशी आतली सगळी बाळं एकदम उठली.

संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. हातात आमचं दुपटं, धुऊन घडी घातलेलं. "घे वं बाई. मी नाई ठेवत आता लेकरं."

"मावशी, सोमवारी मला हजर व्हायचंय."

"मालूम हाय मले. पण माही छाती नाई होत. भांडं बदललं तं वापस करता येते. लेकरू बदललं अन् कोणाले समजलंच नाई तं?"

मी समजावलं, हे बिचारे परत परत माफी मागत राहिले. मावशी मान हलवत निघून गेल्या.

शुक्रवारी दुपारी मी बाहेर पाहिलं तर मावशींच्या घराचं दार सताड उघडं. दोन्ही फळ्या भिंतीला टेकलेल्या. मुलाकडून कूलर दाराकडे तोंड करून फिरवून घेतलेला, आणि मावशी ओट्यावरून हाका मारताहेत, "या वं! हवा घ्या! पण आपापलं लेकरू आपल्याच मांडीवर ठेवा, मले देऊ नका!"

आम्ही गेलो. काय करणार? ओट्यावर बाळं घेऊन बसलो. तोंडावर गार झुळूक, पाठीवर मे महिना. वारा ओट्याच्या कडेपर्यंत यायचा आणि तिथेच संपायचा. वाळा भराभर सुकायचा, म्हणून पोरांच्या खेपा दुप्पट झाल्या. नळाला रांग लागली. माझा मुलगा बादली ठेवून म्हणाला, "मावशी, हवा तर सगळी रस्त्यावर चाललीय!"

"जाऊ दे," मावशी म्हणाल्या.

शनिवारीही तेच. समोर आपल्या ओसरीवर आजी विंझण्यानं वारा घालत बसलेल्या. मांडीवर चिमणी, घामानं डबडबलेली, किरकिरणारी. आजींची नजर त्या उघड्या दारावर. जणू कोणी त्यांच्यासमोर दुधाचं पातेलं गटारात ओतत होतं.

रविवारी मी ओट्यावर बसून मनातल्या मनात नोकरी सोडल्याचा अर्ज लिहीत होते. तेवढ्यात आजी उठल्या. पदर डोक्यावरून घेतला, चिमणीला खांद्यावर टाकलं, आणि तरातरा गल्ली ओलांडून आल्या.

"अहो बाई, दार लावा! सगळा महाल गार करायला निघालात की काय? पोरं बादल्या वाहून मेटाकुटीला आली!"

मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "दार लावलं तं लेकरं आत घ्या लागते. आत घेतलं तं पाहा लागते. मी नाई पाहत."

"मी पाहते."

"तुमाले चष्म्यातून तरी दिसते का?"

"मुलगा की मुलगी, ते मला चांगलं दिसतं."

ओट्यावर एकच हशा झाला. मावशींनी ओठ दाबून धरले आणि तोंड फिरवून त्या आत गेल्या, पण खांदे हलत होते. आजी कोणाकडे न बघता आत गेल्या, चिमणीला भिंतीकडे निजवलं, उंबऱ्याशी पाट ओढून बसल्या आणि दोन्ही हातांनी धाडकन दार लावलं.

आतून आवाज आला. तोच, बांधावरून येणारा.

"अवं आजी, फट ठेवा ना! पूर्ण लावते का कोणी?"

सोमवारी मी साडेदहाला माझ्या टेबलाशी होते.

आजींनी प्रत्येक बाळाच्या पायात वेगळ्या रंगाची लोकर बांधली. संध्याकाळी हे बाळाला आणायला गेले की उंबऱ्यावरून प्रश्न यायचा, "रंग?"

"हिरवा."

"पाय दाखवा त्याचा. हं. न्या."

आत मावशी, दारात आजी, असे कितीतरी उन्हाळे गेले. दोघींचं पटलं असं मी म्हणणार नाही. दिवसभर वाजायचं. बाळं मात्र त्यात आणखी छान झोपायची.

मग एकेका घरात कूलर आले. पंप असलेले, पोरांच्या बादल्या न लागणारे. आमच्याकडे आला तेव्हा मावशी बघायला आल्या, पत्र्यावर टिचकी मारली आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "फट कुठं हाय?" एका मे महिन्यात त्यांच्या खोलीत एकच बाळ होतं. पुढच्या वर्षी तेही नव्हतं. मुलाला हिंगण्याला क्वार्टर मिळालं. टेम्पो आला, सामान चढलं, सगळ्यात वर तो पत्र्याचा खोका दोरीनं बांधला. मावशी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या आणि वळणावर दिसेनाशा होईपर्यंत मागे बघून कोणाला ना कोणाला ओरडत होत्या.

घराला मालकानं कुलूप लावलं. पण दार जुनं, फळ्या वाकलेल्या. कडी घातली तरी मधे बोटभर फट राहायचीच.

पुढच्या उन्हाळ्यात ऑफिसला अर्धी सुट्टी होती, दुपारी घरी येत होते. त्या ओट्याशी थांबले. का थांबले, सांगता येणार नाही. वर चढून फटीला तळहात लावला.

समोरून, ओसरीवरून आजींनी विचारलं, "येते का गं हवा?"

"गरम आहे," मी म्हटलं.

"हं," त्या म्हणाल्या.

मग आम्ही दोघी आपापल्या घरात गेलो आणि आपापले कूलर लावले.