तिसऱ्या प्लगचा तडा

उत्तर सीमेवर आमचं पोस्टिंग होतं. मी हुद्द्यानं नाईक, व्हेईकल मेकॅनिक, मूळचा गडहिंग्लजचा. ०५४५ ला मेंटेनन्स परेड. पेट्रोल जीपचे चारही स्पार्क प्लग काढायचे आणि सिलिंडरच्या क्रमानं फडक्यावर मांडायचे. टोक विटकरी असेल तर इंजिन निरोगी, काळं तेलकट असेल तर आत दुखणं. तारेच्या ब्रशनं घासायचं, गेजनं गॅप बघायची, पुन्हा बसवायचं.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी तिसऱ्या प्लगच्या चिनी मातीला बारीक तडा दिसला. असा प्लग सपाटीवर चालून जातो, ओझं घेऊन चढाला लागलं की दगा देतो. नवा सेट स्टोअरमध्ये होता, पण तो इन्स्पेक्शनला येणाऱ्या साहेबांना मांडून दाखवायचा होता. वरून कीर्तन, आतून तमाशा.

"घासून बसव. लॉगबुकात 'बदलले' म्हणून लिही," सुभेदार साहेब म्हणाले.

मी लिहिलं, सही केली. भित्रेपणा होता तो, दुसरा शब्द नाही.

जीपचा ड्रायव्हर सलीम मुल्ला, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. लॉगबुक बघून म्हणाला, "तुझी सही हाय न्हवं? मग बॉनेट कशाला उघडू?"

दोन दिवसांनी पुढच्या पोस्टवर एक जवान जखमी झाला. सलीम त्याला आणायला गेला. १४२० ला त्याचा वायरलेस आला.

"इंजिन मिस मारतंय. वळणावर गाडी चढंना. ओव्हर."

"गाडी सोडा. पेशंट पायी आणा. ओव्हर," आमच्या ऑपरेटरनं कळवलं.

"पेशंट दोघा जवानांसंगं धाडलाय. गाडीनं रस्ता अडलाय, मी प्लग बघतो. ओव्हर."

ते वळण शत्रूला दिसायचं. १४३५ ला गोळीबार झाला. जखमी जवान वाचला. सलीम बॉनेटपाशी पडला.

चौकशीत 'ड्रायव्हरची हयगय' असं लिहायची तयारी झाली होती. कागदावर प्लग नवे, म्हणजे दोष चालवणाऱ्याचा. मेजर साहेबांनी मला विचारलं, "प्लग बदलले होते?"

सुभेदार साहेब माझ्याकडं रोखून बघत होते.

"नाही, सर. तिसरा तडकलेला होता. लॉगबुक खोटं आहे, सही माझी आहे."

"नाईकाची फीत जाईल तुझी."

"जाऊ दे, सर. मेलेल्या माणसाच्या माथी हे मारू देणार नाही."

फीत गेली. सलीमचं नाव साफ राहिलं.

आता शिरोली एमआयडीसीजवळ माझं गॅरेज आहे. "पावणं, घासून बसवा की," गिऱ्हाईक म्हणतं. "न्हाय बसवत. दुसरीकडं जावा," मी सांगतो. लोक आडमुठा म्हणतात. म्हणू देत.

रिटायर झाल्यावर सगळ्यात आधी सलीमच्या अम्मीकडं गेलो. सगळं सांगितलं.

"त्याचं नाव राखलंस," ती म्हणाली. "पर माफ न्हाय करायची मी."

"नका करू, अम्मी."

दर वर्षी सलीम गेला त्या तारखेला जातो. ती बोलेल ते ऐकून घेतो. कुणी विचारलं तर एवढंच सांगतो: ड्रायव्हर सलीम मुल्लानं पेशंट पोचवला. गाडी मी बंद पाडली.