सेन्सरवरचं कुंकू
मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या वासात उदबत्तीचा वास मिसळला की लातूरच्या कारखान्यातली ती खंडेनवमी आठवते. घरातल्या पहिल्या इंजिनिअरचं, म्हणजे माझं, काम बघायला वडील निलंग्याहून आले होते, आणि पूजा झाल्यावर लोखंड कातणारी नवी, संगणकावर चालणारी सीएनसी लेथ सुरूच होईना. मालकांचा चेहरा पडला. "समद्यांसमोर नाक नको घालवू, बाबा," वडील माझ्या कानाशी पुटपुटले. मी पॅनल उघडून वायरिंग तपासलं, सगळं ठीक होतं. मग दिसलं, मशीनचं दार बंद झाल्याचं ओळखून मगच ते सुरू होऊ देणाऱ्या सेन्सरच्या काचेवर कुणीतरी भक्तिभावानं कुंकू लावलेलं. ते पुसून बटण दाबलं आणि ऊस सोलावा तशी लोखंडाची निळसर साल निघू लागली. वडिलांनी बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा मशीनवर हात ठेवला. "एवढं मोठं जनावर, अन् तुझं ऐकायलंय?" आजही बटण दाबण्याआधी माझा तळहात मशीनवर तिथंच जातो.