नाव काढून टाकलेला आवाज

मुंबईत चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी दोन वर्षं लोकांचे आवाज ऐकायचं काम केलं. मराठी बोलणं मशीनला नीट समजावं, यासाठी ते काम होतं. लोक फोनवरच्या ॲपशी जे बोलायचे, त्याचा वीस-पंचवीस सेकंदांचा तुकडा हेडफोनमध्ये यायचा. मशीनने त्याचं काय लिहिलंय ते स्क्रीनवर दिसायचं आणि चुकलेलं मी दुरुस्त करायची. शेवटी ‘भावना’ म्हणून एक रकाना होता. राग, भीती, आनंद किंवा काहीच नाही, यातलं एक निवडायचं. इथलं ऐकलेलं बाहेर बोलणार नाही, अशी पहिल्याच दिवशी सही घेतली होती.

माझ्या शेजारी बसणारा मुलगा अकोल्याकडचा होता. कामावर येण्याआधी सकाळी लॉ कॉलेजला जायचा. डबा खाताना आमची रोज जुंपायची.

“लोकांना माहीत तरी आहे का, आपण ऐकतो ते?” तो म्हणायचा.

“ॲप घेताना ‘सहमत आहे’ दाबतात ना ते. आणि नाव नाही, नंबर नाही, पत्ता नाही. आपल्याला काय कळतं रे, कोण बोलतंय?”

“आवाज आहे ना. माणसाचा आवाज म्हणजे नावच की गं.”

“इतक्या कोटी लोकांत तुला कोण ओळखीचं भेटणार आहे?”

मला माझा मुद्दा बिनतोड वाटायचा. वर मी हेही म्हणायचे की ज्याने काही वाईट केलं नाही, त्याने घाबरायचं कशाला?

एका मंगळवारी दुपारी एक तुकडा आला. बाईचा आवाज, हळू, दार लोटून बोलत असावी तसा. “काखेत गाठ लागता हाताक. दुखणा नाय. पण माका भीती वाटता.” मशीनने ‘गाठ’च्या जागी ‘घाट’ लिहिलं होतं. मी ते दुरुस्त केलं. भावनेच्या रकान्यात ‘भीती’ निवडलं आणि पुढे गेले. मालवणी तुकडे माझ्याकडेच यायचे, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं.

आठ-दहा तुकड्यांनंतर तोच आवाज पुन्हा आला. “झिलाक सांगूचा नाय, तेका कामाचा टेन्शन. भाची आसा माझी चारकोपाक, कांपुटरात काम करता. तिका सांगू? नको. ती आवशीक सांगतली.”

मी हेडफोन काढला. परत घातला. तीन वेळा ऐकलं. ती माझी मावशी होती, दिंडोशीला राहणारी, आईची धाकटी बहीण; मुलाला सांगायचं नाही आणि आईला सांगेन म्हणून मलाही नाही, असं म्हणत होती. शुगरच्या गोळ्यांचं विचारायला म्हणून तिच्या मुलाने तिच्या फोनवर बोलकं आरोग्याचं ॲप टाकून दिलं होतं, हे मला माहीत होतं. मीच तिला बटण कुठलं दाबायचं ते शिकवलं होतं.

तुकडा कधीचा आहे, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. कालचा असेल, सहा महिन्यांपूर्वीचाही असेल. मी सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेले आणि आवाज ओळखीचा निघाला, एवढंच सांगितलं. त्याने उठून दार बंद केलं.

“ओळखलंस, हे कुणाला बोलू नको. ओळखता येत नाही, असं आपण क्लायंटला लिहून दिलंय.”

“मग तुकडा काढून टाका ना.”

“यादीतून काढतो. पण मशीन जे शिकलं ते शिकलं. ते कसं काढणार?”

तो हे चिडून नाही, समजावून सांगत होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून दिंडोशीला गेले. मावशी घरात एकटीच कोलंबी सोलत बसली होती. वाटेत मी चार बहाणे जुळवले होते, पण तिला बघितल्यावर एकही आठवेना.

“मावशी, गाठ अजून आहे?”

तिचे हात थांबले. “तुका कोणी सांगल्यान?”

मी पिशवी खाली ठेवून तिच्यासमोर बसले.

“मी कोणाक सांगूक नाय. देवाक पण मोठ्यान सांगूक नाय. फक्त...” तिने खिडकीतल्या फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “त्येच्यात तू असतंस?”

“मीच असं नाही गं. माणसं असतात ऐकायला.”

“किती?”

मला आकडा माहीत नव्हता. तिने पदराने हात पुसले, फोन उचलला आणि आतल्या खोलीत गादीखाली ठेवून आली. मग माझ्यासमोर बसून एकेक गोष्ट आठवू लागली. मोठ्याने नाही, नुसते ओठ हलत होते. त्या ॲपला तिने सुनेबद्दल काय काय सांगितलं होतं, मुलाबद्दल, वारलेल्या नवऱ्याबद्दल, ते ती मोजत असावी.

त्याच आठवड्यात आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. ऑपरेशन झालं, पुढचे उपचारही झाले. गाठ वेळेत सापडली, असं डॉक्टर म्हणाले.

मी अकोल्याच्या मुलाला सगळं सांगितलं, सुपरवायझरने नको म्हटलं होतं तरी. त्याने चमचा डब्यात ठेवला. “आता म्हणतील, बघा, ऐकलं म्हणून जीव वाचला.”

हा मुद्दा मी आजवर मनात उलटसुलट करते आहे. जीव वाचला, खरं आहे. पण ऐकणारी भाची निघाली, हा योगायोग. तिच्या मुलाचा साहेब निघाला असता, विमा विकणारा निघाला असता, सुनेच्या माहेरचं कुणी निघालं असतं, तर? आणि वाईट केलेलं नसेल तर घाबरायचं कशाला, हे माझं वाक्य. मावशीने काय वाईट केलं होतं? ती फक्त घाबरलेली होती. ती भीती मी रकान्यात भरली आणि पुढचा तुकडा उघडला.

महिनाभरात मी काम सोडलं. अकोल्याचा मुलगा अजून तिथेच आहे. आता जास्त लांबीचे तुकडे येतात, म्हणतो.

मावशी बरी आहे. मी गेले की चहा करते, मासळीबद्दल बोलते, माझ्या तब्येतीचं विचारते. मी फोन पिशवीतच ठेवते, तरी ती बोलता बोलता मध्येच थांबते आणि विषय बदलते. पुढची तपासणी कधी आहे, ते मी तिला विचारत नाही. आईकडून कळतं.