पायांकडे बघून बोलणारा भाई

भाई कुणाशीही बोलताना तोंडाकडे बघत नसे, पायांकडे बघे. लग्नात आहेर देताना, बँकेत साहेबासमोर उभा असताना, इतकेच काय, स्वतःसाठी मुलगी पाहायला गेला तेव्हाही त्याची मान खालीच. मुलीकडच्यांना वाटले, मुलगा फार लाजरा आहे. लाजबीज काही नव्हते. सेंटर फॉरवर्ड खेळणारा माणूस तो. समोरचा बॅक कुठल्या बाजूला झुकणार हे त्याच्या पायांवरून ओळखायची सवय हाडात मुरली होती. "तोंड फटयता गो," तो मला सांगायचा, "पांय कोणाक फटयनात." चेहरा फसवतो, पाय फसवत नाहीत, हा त्याचा नियम. मुलीने मनातून होकार दिलाय हेही म्हणे त्याला तिच्या अंगठ्यावरून आधी कळले होते.

गोव्यातल्या पार्श्यात त्याचे आणि आमचे घर लागून. आमच्या घराची मागची भिंत ही भाईची शाळा. दुपारी जेवून जरा आडवे व्हावे, तर भिंतीवर त्याच्या फुटबॉलचे धप्, धप् सुरू. माझी आई ओरडायची, "रे भाई, वणत पडतली मरे!" "पडली जाल्यार बांदून दितां, मावशी!" असे पलीकडून उत्तर यायचे आणि धप् चालूच. भिंत पडली नाही, पण गुडघ्याएवढ्या उंचीवरचा गिलावा तेवढा गेला. पुढे भाई मोठ्या क्लबात गेल्यावर माझ्या वडिलांनी ती जागा मुद्दाम तशीच ठेवली. पाहुणे आले की चहाआधी त्यांना मागच्या बाजूला नेऊन दाखवत.

भात कापल्यावर रिकाम्या शेतात, खुंट टोचत असताना अनवाणी खेळून तो तयार झाला. म्हापशाच्या एका स्पर्धेत कुणाच्या तरी नजरेत भरला, गोव्यातल्या एका क्लबात गेला आणि तिथून थेट कोलकात्याला. त्याची मॅच टीव्हीवर लागली की आमच्या वाड्यावर चुली उशिरा पेटत. गोल मारल्यावर इतर खेळाडू नाचायचे, कोलांट्या मारायचे. हा मात्र खाली मान घालून परत मधल्या रेषेकडे चालू लागे. आम्हा गाववाल्यांची फार निराशा व्हायची. मी एकदा विचारलेच. मी म्हापशाला शाळेत शिकवते, म्हणून त्याने मलाच पकडले. "तूं फळ्यार गणित सोडयलें म्हूण नाचता गो?"

त्याची आई म्हणजे काकी. तिला फुटबॉलमधले ओ की ठो कळत नसे. मॅच संपल्यावर भाईचा फोन आला की हरला की जिंकला हे ती विचारायची नाही. "पांय बरे आसत मरे?" एवढेच. पण याच पायांवर तिने एक भलताच नवस बोलून ठेवला होता. तिचे माहेर डिचोलीकडचे. तिच्या माहेरची पुरुषमंडळी देवीच्या जत्रेत धोंड म्हणून जातात. काही दिवस सोवळे पाळायचे, एकवेळ जेवायचे आणि शेवटी होमखणाच्या निखाऱ्यांवरून चालत जायचे. मुलाला क्लबात घेतले तर तो धोंड होऊन होमखणातून चालेल, असे काकी देवीला सांगून मोकळी झाली. फुटबॉलपटूचे पाय कुणी निखाऱ्यांवर गहाण टाकते का? पण तिच्या लेखी देवीच्या होमखणातून आलेले पाय म्हणजे जगातले सगळ्यांत सुरक्षित पाय.

जत्रा यायची वैशाखात, नेमकी मोसमाच्या शेवटाला. कधी सराव शिबिर, कधी मोठा सामना. भाई दर वर्षी म्हणायचा, "फुडल्या वर्सा, आई." काकी त्याला एका शब्दाने टोकत नसे. तिने फक्त पायातली चप्पल सोडली. नवस फिटेपर्यंत घालायची नाही. शेतात, देवळात, शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात, सगळीकडे अनवाणी. भाईला कळू नये म्हणून एक जुना जोड पायरीवर मांडून ठेवलेला असे आणि आम्हा सगळ्यांना तिने देवीची शपथ घातली होती. घरात काय, सगळेच अनवाणी. भाई दोन दिवसांसाठी यायचा, पायरीवरच्या चपला बघायचा आणि जायचा.

त्या वर्षी त्याच्या क्लबाने उपान्त्य फेरी गाठली. भाई तिशीला आलेला, गुडघा कुरकुरायला लागलेला. पुढच्या मोसमाचा करार याच सामन्यावर अवलंबून होता. मध्ये दोन दिवसांची सुट्टी मिळाली म्हणून तो न कळवता आला. मी आणि काकी बाजाराला म्हणून म्हापशाच्या स्टँडवर बसमधून उतरलो, तर हा समोर पार्श्याच्या बसची वाट बघत उभा. भर दुपार, डांबर मऊ झालेले. काकी डोक्यावर केळ्यांची पाटी घेऊन झपझप चालत होती. भाईची नजर सवयीने खाली गेली आणि तिथेच राहिली. टाचांच्या भेगांत माती रुतून काळी झालेली, तळवे सालपटासारखे.

"चपलां खंय तुजीं?"

काकी डोक्यावरची पाटी सावरू लागली. शेवटी मीच शपथ मोडली आणि सगळे सांगितले. भर स्टँडवर तो माणूस तिच्या पायांपाशी खाली बसला.

जत्रा आणि सामना दोन्ही त्याच आठवड्यात होते. काकी हट्टाला पेटली, आणखी एक वर्ष थांबू म्हणाली. "तूं खेळपाक वच. देवी रावतली."

"देवी रावतली गो. तुजे पांय रावचे नात."

त्याने क्लबाला फोन केला. पलीकडून स्पष्ट सांगण्यात आले की सामना सोडलास तर पुढच्या मोसमाला परत येऊ नकोस. भाईने बरे म्हटले आणि मामाबरोबर सोवळ्यात बसायला डिचोलीला गेला. त्याच्याशिवाय खेळलेला क्लब हरला. होमखणातून भाई बाहेर आला तेव्हा तळव्यावर एक फोडसुद्धा नव्हता, पण मोठा फुटबॉल त्याच्यापुरता तिथे संपला. म्हातारीने पोराचे वाटोळे केले, असे गावातले काही जण बोललेही. मलाही भाईचा फार राग आला होता, आणि फार अभिमानही वाटला होता. पुढे कितीतरी दिवस टीव्हीवर मॅच लागली की तो उठून बाहेर जायचा. दुःख झाले नाही असे त्याने कधी म्हटले नाही.

जत्रेवरून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी तो काकीला म्हापशाला घेऊन गेला. मीही बरोबर होते. दुकानात खाली बसून त्याने स्वतः तिच्या पायात चपला चढवल्या, पट्टा लावला. इतक्या वर्षांनी चप्पल घातलेली काकी. तिला काही केल्या चालता येईना. पाऊल अडखळायचे, पट्टा टोचायचा. मुलाचा खांदा घट्ट धरून ती भर बाजारात लहान पोरीसारखी एकेक पाऊल टाकत होती आणि मागची माणसे खोळंबली होती. घरी वेळेवर पोहोचायच्या काळजीने ती ओशाळून म्हणाली, "बस चुकतली रे, भाई."

तिचा हात आपल्या खांद्यावर दाबून धरत तो म्हणाला, "सवकास, आई. आमकां आतां खंयच पावपाचें ना."